भावाच्या छातीचा फोटो

अहो,

सुभाष खोकतो आहे. महिना होऊन गेला. मधल्या भिंतीतून ऐकू येतं. तुमच्याच पाठचा भाऊ, त्याचं खोकणंही तुमच्यासारखंच आहे. आधी दोनदा बारीक, मग छातीच्या तळातून एक मोठा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पिठाच्या हातानं तशीच चुलीपुढून उठले. दारापर्यंत गेले आणि मग ध्यानात आलं, की तुम्ही नाही.

आज दुपारी मंगल आली होती. सुभाषची बायको, माझी सख्खी जाऊ, पण माझ्या घरात पाऊल ठेवायला ती आता बिचकते. तुम्ही गेल्यापासून मी तिच्या नवऱ्याशी बोलत नाही. ती उंबऱ्याबाहेरच बसली. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "आक्का, फोटो काढायला न्हाय म्हणत्यात. डॉक्टरनं चिठ्ठी दिलीया, ती खुंटीला लावून ठेवलीय. तुमच्याबिगर कुणाचं ऐकायचे न्हाईत."

मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा दिला. ती गेली आणि मी आपल्या मिलिंदच्या वहीतले कोरे कागद घेऊन बसले. तुम्ही असतात तर तुम्हालाच विचारलं असतं. तुम्ही नाही, म्हणून लिहून विचारते. सुभाषला छातीचा फोटो काढायला मी न्यायचं का? त्याची छाती एकदा बघून झाली, त्यात तुम्ही गेलात. आता पुन्हा तीच बघायला मीच जायचं?

तुम्हाला माझ्या वाचण्याचं हसू यायचं. आपल्या लेकीच्या, सुजाताच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं लावायला शिकले, तेव्हा तुम्ही पाळीवरून आलात की दारातूनच विचारायचात, "काय मास्तरीणबाई, कुठवर आलाय धडा?" नंतर विहारातल्या कपाटातली पुस्तकं तुम्हीच आणून द्यायला लागलात. एकदा चुकून घरं बांधायच्या सिमेंटचं पुस्तक आणलंत, तेही मी वाचलं. लिहायची सवय मात्र लागली नाही. कऱ्हाटीला माझ्या माहेरीसुद्धा मी कधी पत्र पाठवलं नाही. तुम्हालाच हे पहिलं, आणि तुम्ही ते वाचणार नाही.

तुमच्या खोकल्याची आळीत केवढी थट्टा व्हायची! कारखान्याच्या भोंग्याआधी दौलतचा भोंगा वाजतो म्हणायचे. शेजारच्या हौसाबाई तर सांगायच्या, दौलत खोकला की मी भाकरी थापायला बसते, घड्याळ कशाला पाहिजे? तुम्हीही हसायचात. माणूस बॉयलरवर काम करतो, पुढ्यात जाळ, अंगावर राख, खिशात बिडीचं बंडल. खोकणार नाही तर काय करील? आम्हाला सगळ्यांनाच ते सरळ वाटायचं. हाताला घट्टे पडतात तसा छातीला खोकला.

तुम्ही कितीतरी वर्षं हंगामी होतात. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू व्हायचं, उन्हाळ्यात बॉयलर थंड पडायचा, आणि मग पुढच्या हंगामाला आपलं नाव लागेल का याचा घोर. त्या वर्षी कारखान्यानं बॉयलरवरच्या काही माणसांना कायम करायचं ठरवलं. त्याआधी डॉक्टरी तपासणी, आणि तपासणीत छातीचा फोटो. चिठ्ठी घेऊन बारामतीला जायचं, फोटो काढायचा, आणून कारखान्याच्या डॉक्टरला दाखवायचा.

त्याच्या मागच्याच वर्षी तुमच्या पाळीतल्या एकाच्या फोटोत डाग निघाला आणि त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही, असं कुणीतरी बोललं होतं. ते खरं की उठवलेलं, मला आजही माहीत नाही. तुम्ही मात्र ते मनात धरून बसलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर मी काय केलं असतं? भांडले असते, नक्की. म्हणूनच बोलला नाहीत ना?

आणि मग तुम्ही तेच केलंत, जे तुमच्याकडे सगळे करतात. कुणाच्या घरी लग्न असलं, कुणाच्या उसाला पाण्याची पाळी आली, की दुसरा त्याच्या जागी उभा राहतो. बिल्ला एकाचा, घाम दुसऱ्याचा. त्याला तुम्ही बदली म्हणायचात. त्यात कुणाला चोरी वाटत नाही, उलट बदलीला न येणाऱ्यालाच नावं ठेवतात. तुम्हाला ताप असला की सुभाष तुमचा बिल्ला लावून रात्रपाळी करून यायचा, सकाळी तोंड काळं करून दारात उभा राहायचा, आणि मी दोघांनाही एकाच तांब्यातलं पाणी द्यायची. मुकादमाला कळत नसेल असं थोडंच? पण काम होतंय ना, मग झालं.

तसंच त्या दिवशी सुभाष तुमची चिठ्ठी घेऊन फोटोच्या खोलीत गेला. दौलत म्हणून हाक आली आणि तो उठला. तुम्ही बाहेर बाकावर बसून होतात. नंतर स्टँडवर दोघांनी भजी खाल्लीत, आणि सुभाष म्हणाला, "दादा, फोटोत तोंड थोडंच येतंय!" त्यावर तुम्हाला इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ थांबेना, असं तुम्हीच मला अगदी शेवटी सांगितलंत. मी ती जागा मनात किती वेळा बघितली आहे. दोघं भाऊ हसताहेत, कागदाच्या पाकिटात एक फोटो आहे, आणि त्यातल्या बरगड्या तुमच्या नाहीत.

फोटो साफ होता. तुम्ही कायम झालात. मी आळीत घरोघर पेढे दिले. हौसाबाई म्हणाल्या, आता दौलत खोकला तरी पगार बुडायचा नाही. आम्ही सगळे हसलो.

वर्ष गेलं असेल नसेल. एका सकाळी तुम्ही मोरीत बराच वेळ उभे होतात. मी गेले तर तुम्ही पाणी ओतून काहीतरी लाल घालवत होतात. मी विचारलं, काय आहे? तुम्ही म्हणालात, पानाचं. तुम्ही पान कधी खाल्लंय?

बारामतीला मीच नेलं तुम्हाला. डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. आधीचा काही फोटो आहे का, असं विचारल्यावर तुम्ही एकदम गप्प झालात. मीच पुढे होऊन म्हटलं, आहे की, कारखान्याच्या वेळचा आहे, कपाटावर ठेवलाय. दुसऱ्या दिवशी मीच तो घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन्ही फोटो उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. एकात दोन्ही बाजू काळ्या, स्वच्छ. दुसऱ्यात उजवीकडे वर पांढरट, कापूस पिंजून ठेवल्यासारखं. डॉक्टर भला माणूस होता. मला कळावं म्हणून बोट ठेवून दाखवलं. वर्षापूर्वी इथं काहीच नव्हतं, बाई, म्हणजे हे नव्यानं आलेलं आहे, टीबीच असणार. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी कधी कधी सापडत नाहीत, असं म्हणाले. सहा महिने गोळ्या घ्या, आणि दोन महिन्यांत फरक पडला नाही तर पुन्हा या.

तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, अहो. हात मांडीवर ठेवून. काचेवर तुमच्या नावानं तुमच्या भावाची छाती लटकत होती आणि तुम्ही तिच्याकडे बघत होतात. तेव्हाच का नाही बोललात? एक वाक्य होतं! कायम केल्याची ऑर्डर रद्द होईल म्हणून? सुभाषचं नाव येईल म्हणून? की तुम्हालाही वाटलं, टीबीच आहे तर आहे, बरा होतो, मग कशाला उकरा?

खरं सांगते, मला टीबी ऐकून हायसं वाटलं होतं. टीबीच्या नावानं कुणाला हायसं वाटतं का? पण मी ऐकून होते, गोळ्या न चुकवता घेतल्या की माणूस उठतो. परत येताना एसटीत मी तुम्हाला किती बोलले आठवतंय? अंडी खायची, दूध घ्यायचं, बिडी बंद. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मला वाटलं, आजाराची भीती वाटते आहे.

मग आम्ही तुम्हाला वेगळं काढलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण ओसरीवर. मिलिंद तेव्हा लहान होता, तुमच्या पोटावर पाय टाकून झोपायची त्याची सवय. त्याला मी ओढून आत नेत असे. तो रडायचा, तुम्ही तोंड फिरवून पडायचात. तो आजार तुम्हाला नव्हताच! तुमच्या तोंडातून पोराला काहीच लागणार नव्हतं. ते सगळे महिने तो तुमच्या कुशीत झोपू शकला असता. तुम्हाला शंका होती ना? थोडी तरी होती ना? मग त्याला जवळ का नाही घेतलंत?

गोळ्यांनी लघवी लाल व्हायची. तुम्ही म्हणायचात, बघ, औषध लागू पडतंय. पहिल्या महिन्यात थोडी भूक लागली, ते आम्ही सगळ्यांना सांगितलं. दोन महिन्यांनी मी म्हटलं, जाऊया दाखवायला. तुम्ही म्हणालात, फरक आहे, कशाला? सदऱ्याच्या बाह्या हातावरून लोंबायला लागल्या होत्या. आवाज बसला, तो सुटेना. हौसाबाईंनी भोंग्याची थट्टा बंद केली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. शेवटी खांदा इतका दुखायला लागला की तुम्हाला बिडीसुद्धा पेटवता येईना. तेव्हा तुम्ही आपणहून म्हणालात, पुण्याला चल.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नळी घालून तुकडा काढला. तपासून आला, कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हातात दोन्ही फोटो घेऊन तुमच्या खाटेशी आल्या. एकदा एक फोटो उजेडात धरायच्या, एकदा दुसरा. वर्षापूर्वी इतकं स्वच्छ, मग एवढ्यात एवढी मोठी गाठ कशी, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "डॉक्टरीणबाई, ती छाती माझी न्हाय. भावाची हाय."

मला वाटलं, तापात बोलताहेत. मी तुमच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि हळूच विचारलं, का हो? तुम्ही सगळं सांगितलंत. बदली, बिल्ला, चिठ्ठी, भजी. मी उभी राहून ऐकत होते. माझ्या नवऱ्याची गोष्ट मी एका परक्या बाईबरोबर पहिल्यांदा ऐकत होते.

त्या बाहेर गेल्या तशी मी मागोमाग जिन्यापर्यंत गेले. मी विचारलं, त्या वेळी यांचा स्वतःचा फोटो निघाला असता, तर त्यात दिसलं असतं का? त्या थांबल्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही, बाई. कदाचित दिसलं असतं. कदाचित तेव्हाच उशीर झालेला असता. दिसलं असतं तर आम्हाला कापून काढता आलं असतं का, हेही आता कुणाला सांगता यायचं नाही."

हे उत्तर घेऊन मी राहते आहे. रोज. त्या वर्षीचा तुमच्या छातीचा फोटो या जगात कुठंच नाही. मग मी स्वतःच तो काढत बसते. कधी त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका असतो, आणि तुम्ही वाचता, पाठीवर टाका घेऊन घरी येता, पाठ दाखवून पोरांना घाबरवता. कधी लिंबाएवढी गाठ असते आणि तुम्ही तेव्हाही जाताच, फक्त मला आधी कळतं. कधी काहीच नसतं. तिन्हीवर माझा तेवढाच विश्वास बसतो. एकदाचं काय ते नक्की कळलं असतं तर दुःखाला एक जागा मिळाली असती. आता ते घरभर फिरतं.

विहाराच्या कपाटात एक पुस्तक सापडलं, कुणा डॉक्टरांनी कॅन्सरवर लिहिलेलं, पुठ्ठा निघालेला. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे की पानं सुटी झाली. त्यात लिहिलं आहे, फुप्फुसातली गाठ बरेच दिवस मुकी असते, आणि खोकला बदलला, रक्त पडलं, आवाज बसला, की थांबू नये. लहान असताना सापडली तर काढता येते. वाचून मला वाटलं, झालं, सुभाषनं मारलं तुम्हाला. मग चार पानांनी लिहिलं आहे, परदेशात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसांचे नेमानं फोटो काढून बघितले, गाठी जास्त सापडल्या, पण मरणारे काही कमी झाले नाहीत. म्हणजे फोटो काढूनही? मग मी कुणाला दोष देऊ? शिकले नसते तर एक तरी दोषी मला मिळाला असता. वाचायला येतं म्हणून तोही गेला.

तरी मी दोष दिलाच. सुभाष तुमच्या जलदानविधीला आला तेव्हा मी त्याच्याकडे पाठ केली. सगळ्यांनी बघितलं. तो दाराबाहेर चप्पल काढून उभा राहिला, आत आला नाही. भन्तेजींनी बोलावलं तरी आला नाही. नंतर त्यानं तुमच्या वाटणीचा ऊस स्वतः तोडायला लावला, त्याच्या पैशांची पट्टी मंगलच्या हाती पाठवली, मिलिंदची शाळा सुरू झाली की दप्तर आणून उंबऱ्यावर ठेवलं. मी सगळं घेतलं आणि बोलले नाही. तुम्ही त्याच्यावर कधी रागावला होतात? शेवटच्या दिवसांत तुम्ही म्हणालात, त्यानं माझ्या सांगण्यावरून केलं, त्याला बोलू नकोस. बोलू नकोस म्हणालात, मी बोललेच नाही. तुमचं ऐकायचा याहून वाईट मार्ग मला सापडला नसता.

इथवर लिहिलं आणि उठले. तुमचं उत्तर यायची वाट किती बघायची?

उन्हं उतरली होती. सुभाष उसाला पाणी देत होता, बांधावर फावडं टेकवून बसलेला. मला बघून उठला, डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला. किती वाळलाय तो! तुमच्याहून चार वर्षांनी लहान, पण मला क्षणभर तुम्हीच उभे वाटलात, आजारातले. मी म्हटलं, मंगल आली होती, फोटो कधी काढणार? त्याला माझा आवाज ओळखायला वेळ लागल्यासारखा तो बघत राहिला.

मग म्हणाला, "निघालाय की माझा फोटो, वयनी. साफ हाय म्हणालेत."

हसायला तोंड वाकडं केलं त्यानं, पण ते हसणं जमलं नाही. खोकला आला. खोकताना तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, जसे तुम्ही राहायचात.

मी विचारलं, डागाची भीती वाटते का? तो नाही म्हणाला. मग जे बोलला ते तुम्हाला सांगायलाच हवं. म्हणाला, "डाग निघाला तर बरं हाय, वयनी. फिटंल तरी. साफ निघाला तर काय करू? परत तसलाच फोटो हातात घ्यायचा? आन् घरी यून तुमच्या म्होरं बसायचं?"

मला राग आला. खूप दिवसांचा साठलेला होता, पण ज्यासाठी साठवला होता त्यासाठी नाही आला. मी म्हटलं, "फिटायला हे काय उसनं पीठ हाय व्हय? तुमी मेलात तर ते येणार हायेत का परत? मंगलनं काय केलंय? तिनं का म्हणून माझ्यागत भिंतीकडं बघत बसायचं?"

पाणी सरी सोडून भलतीकडे चाललं होतं. त्यानं फावडं उचलून दोन ढेकळं लावली, सवयीनं.

मी पुस्तकातलं सगळं त्याला सांगितलं नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. काय सांगू? की काढलेला फोटो वाचवेलच असं नाही? एवढंच सांगितलं, की दादांच्या छातीत तेव्हा काय होतं ते आता कुणाला दिसायचं नाही, तुमच्या छातीत आज काय आहे ते दिसेल. आणि उद्या पहिल्या गाडीला मी फाट्यावर उभी असेन.

"तुमी येणार?" त्यानं विचारलं.

"येणार."

"आन् बोलणार माझ्याशी?"

"गाडीत न्हाय बोलायची. नुसती बसंन."

त्यावर त्यानं मान हलवली. टॉवेलनं तोंड पुसलं, पुसतच राहिला. मी परत फिरले.

घरी येऊन दिवा लावला आणि पुन्हा लिहायला बसले आहे. तुम्हाला वाटेल, शेवंता निवळली. तसं काही नाही. मी त्याला माफ केलं का, हे मला माहीत नाही, आणि तुम्हाला केलं का, हे तर त्याहून माहीत नाही. बारामतीच्या डॉक्टरांच्या खोलीतलं तुमचं ते गप्प बसणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी मरेन तोवर तुम्ही तिथं मांडीवर हात ठेवून बसलेले असाल. आणि मी शेजारी, शहाण्यासारखी मान हलवत.

मला आशा वाटते असंही नाही. हा खोकला मी ओळखते. उद्या काय दिसेल ते मला आधीच दिसतंय, आणि ते खोटं ठरावं एवढंही म्हणायला मन उठत नाही. खोटं ठरलं तर सुभाष त्या साफ फोटोला घेऊन जगेल. खरं ठरलं तर मंगल माझ्या वाटेनं येईल. मला दोन्हीपैकी काय मागायचं ते कळत नाही, म्हणून मी काहीच मागत नाही.

पण एवढा शब्द तुम्हाला देते. उद्या फोटोच्या खोलीबाहेर मी उभी राहीन. नाव पुकारलं की ज्याचं नाव तोच आत जाईल, हे मी डोळ्यांनी बघीन. काही दिसलं तर टीबी म्हणोत की आणखी काही म्हणोत, घरी न येता त्याला पुण्याला घेऊन जाईन. नाही दिसलं आणि खोकला राहिलाच, तरी पुन्हा नेईन. डॉक्टर विचारतील ते सगळं खरं सांगायला लावीन, नाही सांगितलं तर मी सांगीन. तो वाचेल का, ते मी सांगू शकत नाही. ठाऊक असून कुणी गप्प बसलं, असं मात्र आपल्या घरात आता होऊ देणार नाही.

पलीकडे तो खोकतो आहे. मंगलचा आवाज येतो आहे, पाणी देते आहे बहुतेक. उद्या लवकर उठायचं आहे.

तुमची,
शेवंता
कळस, तालुका इंदापूर